फुकटच्या पाल्याची किंमत

यवतमाळ जिल्ह्यातील आठवडी बाजारांत जमिनीवर कापड अंथरून मांडलेली जडीबुटीची दुकाने आजही दिसतात. विंचूदंश, मूळव्याध, संधिवात यांवरील मुळ्या त्यांत पूर्वीप्रमाणे आहेतच. परंतु आता मधुमेहावरील वस्तूंनी दुकानाचा दर्शनी भाग व्यापला आहे. गुडमारची वाळलेली पाने, जांभळाच्या बियांचे चूर्ण, गुळवेलीची कांडे आणि बिवळ्याच्या, म्हणजे ज्याला आपल्याकडे बिजा म्हणतात त्या झाडाच्या लाकडाचे पेले. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवावयाचे आणि सकाळी रंग पालटलेले ते पाणी प्यावयाचे, अशी रीत. याशिवाय अंगणातील सदाफुलीची पाने, परसातील कारले आणि डब्यातील मेथी यांना तर बाजारातही जावे लागत नाही.

या वस्तूंविषयी आपल्या सुशिक्षित समाजात दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, हे सारे ऋषिमुनींचे ज्ञान असून त्यात शंकेला जागा नाही. दुसरे म्हणते, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. दोन्ही मतांचा गुण एकच : ती बाळगण्यास कष्ट पडत नाहीत. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. त्यामुळे कोणती वनस्पती कोणी घ्यावी हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु एखादी वस्तू फुकट आहे असे जेव्हा सर्वजण म्हणू लागतात, तेव्हा तिची किंमत नेमके कोण चुकवीत आहे हे विचारणे हा अर्थशास्त्राच्या अध्यापकाचा धर्मच आहे. तो प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह असून रुग्णांची संख्या दहा कोटींच्या पुढे आहे. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार होती. केवळ ग्रामीण प्रमाण धरून ढोबळ हिशेब केला, तरी जिल्ह्यातील रुग्ण लाखाच्या बरेच पुढे जातात. हा आता गादीवर बसणाऱ्या सावकाराचा रोग राहिलेला नाही. तो कापूस वेचणाऱ्यांच्या झोपडीत शिरला आहे.

पानापासून गोळीपर्यंत

वनस्पतींना मधुमेहाच्या उपचारात स्थान नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील सर्वांत साध्या गोळीचा इतिहास पाहावा. मेटफॉर्मिन ही ती गोळी. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती लोकवैद्यकात फार पूर्वीपासून वापरात होती. तिच्यातील द्रव्याने रक्तशर्करा उतरते हे विसाव्या शतकाच्या आरंभी ध्यानात आले. पण ते द्रव्य विषारी होते. त्याच्याच जातकुळीतील, परंतु सौम्य अशी मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९५७ साली झ्याँ स्टर्न या फ्रेंच वैद्याने तिचा रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे लोकज्ञानाने दिशा दाखविली हे खरे आणि त्या दिशेने चालताना मूळ वनस्पती मागे टाकावी लागली हेही खरे.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातील सदाफुलीची. मधुमेहावर सदाफुलीचा काढा घेण्याची रूढी जमैका बेटातही होती. तेथील पाने १९५०नंतरच्या काही वर्षांत कॅनडातील रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोहोचली. ती त्याला धाडणारा त्याचा बंधू क्लार्क नोबल इन्सुलिनच्या शोधाच्या काळात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या सहवासात काम केलेला होता. रॉबर्टने उंदरांना काढा पाजला. साखर हलली नाही. मग त्याने तो टोचून पाहिला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. कारण शोधता असे आढळले, की सदाफुलीतील द्रव्याने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यातूनच १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. मानवजातीच्या दृष्टीने हा मोठा लाभ झाला. परंतु रोज सकाळी सदाफुलीची चार पाने चावणाऱ्या यवतमाळच्या गृहस्थाने या हकीकतीतून कोणता बोध घ्यावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वनस्पतीत सामर्थ्य आहे याचा अर्थ ती आपल्याच कामाची आणि निरुपद्रवी आहे, असा होत नाही.

तपासण्या काय सांगतात

आता आपल्याकडील प्रमुख वनस्पतींचा हिशेब मांडू. गुडमारचे पान चघळले की काही काळ जिभेला गोड चव कळत नाही. हे कोणालाही पडताळून पाहता येते आणि नावही त्यावरूनच पडले आहे. डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि केयस यांनी या वनस्पतीवरील आपला विस्तृत अभ्यास १९३० साली प्रसिद्ध केला. हेच म्हसकर पुढे कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीच्या संपादकांपैकी एक होत. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या औषधांबरोबर गुडमारचा अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला. साखर उतरली आणि पाच जणांना नेहमीची औषधे थांबविता आली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण बावीस ही संख्या एका वर्गातील दोन बाकांची आहे, हे विसरता कामा नये.

बिवळ्याची चाचणी मोठी झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर नवनिदान झालेल्या रुग्णांना बिवळ्याचा, म्हणजे विजयसाराचा, अर्क देऊन १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १२ आठवड्यांनंतर ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर आटोक्यात आली होती. हा प्रयोग सौम्य रोगाच्या, नुकत्याच सुरुवात झालेल्या रुग्णांवर होता. इन्सुलिनवर असलेल्यांवर नव्हे. शिवाय त्यात नेमलेल्या मात्रेचा अर्क होता. बाजारातला पेला नव्हता.

मेथीच्या बियांचा उपयोग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी तपासला. त्यातील तंतुमय आणि बुळबुळीत द्रव्यामुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. हा लाभ मर्यादित, परंतु विश्वासार्ह मानला जातो. कारल्याचे तसे नाही. थायलंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कारल्याचा परिणाम मेटफॉर्मिनपेक्षा उणा ठरला आणि सर्व उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी २०१२ साली पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला. गुळवेलीविषयी तर सावधगिरीची सूचनाच आहे : कोरोनाच्या साथीत तिचा काढा घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद राहिला आहे. परंतु वाद असलेली वस्तू बेधडक घेण्याचे कारण नाही.

साऱ्याचे तात्पर्य असे, की काही वनस्पतींत साखर थोडीबहुत उतरविण्याचा गुण दिसतो; पण एकही वनस्पती मधुमेह समूळ घालवीत नाही. आणि ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, अशा लहान मुलाला त्याच्या इन्सुलिनऐवजी पाला दिला, तर त्याचा प्राण जाण्यास काही दिवस पुरतात.

अनुभव का फसवतो

येथे कोणीही विचारील : "अहो, आमच्या काकांची साखर तीनशेवरून एकशे साठवर आली, ती काय खोटी?" ती खोटी नाही. फक्त तिचे श्रेय कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न आहे. मनुष्य पाल्याकडे केव्हा वळतो? साखर सर्वाधिक वाढलेली आढळते तेव्हा. रक्तशर्करा रोज वरखाली होत असते. शिखरावरच्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा खालचाच असतो. दुसरे, पाला सुरू करणारा मनुष्य त्याच सुमारास चहातील साखर सोडतो, लग्नातील जिलेबी टाळतो, सकाळी पाय मोकळे करतो. तिसरे, डॉक्टरांची गोळी तो अनेकदा चोरून चालूच ठेवतो. चौथे, ज्यांना गुण आला ते गावभर सांगतात. ज्यांना आला नाही ते गप्प बसतात आणि ज्यांचा पाय कापावा लागला, ते बाजारात येतच नाहीत. आमच्या विषयात भावांच्या चढउतारावरून घाईने कारण ठरविणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही नापास करतो. रक्तातील साखरेला निराळा नियम लावण्याचे कारण नाही.

मधुमेह मुकाट्याने काम करणारा रोग आहे. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या संवेदना यांची हानी दुखत नाही. म्हणून फुकटच्या पाल्याची खरी किंमत पाल्यात नसते. ती पाल्याच्या भरवशावर गमावलेल्या वर्षांत असते. अर्थशास्त्रात हिला वैकल्पिक खर्च म्हणतात. एक वाट धरल्यामुळे जी दुसरी वाट सुटली, तिचे मोल. आणि ही दुसरी वाट येथे महागही नाही. सरकारी आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन विनामूल्य मिळते आणि जनऔषधी दुकानात एका गोळीला रुपयाच्या आसपास पडतात. समजा, एखादा मजूर बाजारातील चूर्णावर महिन्याला दीडशे रुपये घालतो. तर तो स्वस्त वस्तू सोडून महाग वस्तू घेतो आणि तिला फुकट म्हणतो. त्या चूर्णात काय असते हाही प्रश्न आहेच. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या सत्तर आयुर्वेदीय औषधांची २००४ साली तपासणी झाली, तेव्हा चौदांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता. मधुमेह बरा करण्याची जाहिरात देण्यास १९५४च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच बंदी आहे. तरीही भिंती रंगलेल्या दिसतात.

तथापि, दोष एकट्या मजुराला देणे न्यायाचे होणार नाही. आरोग्य केंद्रात जाण्यासाठी त्याची दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, कधी गोळ्या संपलेल्या असतात, कधी डॉक्टर नसतात. पाला विकणारा मात्र त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलतो आणि घाई करत नाही. या दोन गोष्टींना बाजारात मोठे मोल आहे. आपली शासकीय यंत्रणा ते मोजीत नाही, म्हणून रुग्ण तिच्याकडून निघून जातो.

सुश्रुताने केलेला भेद

परंपरेचा अभिमान धरणाऱ्यांनी परंपरा मुळात काय सांगते हेही पाहावे. प्रमेहाच्या रुग्णांत स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल असे दोन भेद आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी केले आणि दोघांचा उपचार निराळा सांगितला. सुश्रुताने तर रुग्णाच्या सांपत्तिक स्थितीचाही विचार केला. निर्धन मनुष्याने अनवाणी शंभर योजने चालावे, भिक्षेवर राहावे किंवा विहीर खणावी, असे तो सुचवितो; आणि कृश रुग्णाला मात्र जपावे, असे बजावतो. म्हणजे एकच चूर्ण सर्वांना, ही कल्पना शास्त्राची नसून बाजाराची आहे. आपल्या जिल्ह्यात विहिरी खणणारे, उन्हात राबणारे आणि तरीही मधुमेही असे कृश लोक आहेत. कुपोषणाशी निगडित अशा मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. ज्याच्या पोटात आधीच अन्न कमी आहे, त्याने भूक मारणारा कडू काढा पिणे हे सुश्रुतालाही रुचले नसते.

जंगलाचे भांडवल, माहितगाराचा वाटा

किंमत चुकविणारा दुसरा घटक म्हणजे जंगल. गुडमारची पाने, जांभळाच्या बिया हे उत्पन्न आहे. पाने खुडली तरी वेल उरतो, बी वेचले तरी झाड उभे राहते. बिवळ्याचे तसे नाही. त्याचा औषधी भाग म्हणजे लाकडाचा गाभा. तो तयार होण्यास दशके लागतात आणि काढावयाचा तर झाड पाडावे लागते. येथे आपण व्याज खात नसून मुद्दल मोडीत आहोत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हा वृक्ष संकटसमीप मानला आहे. प्रत्येक मधुमेह्याच्या हाती बिवळ्याचा पेला द्यावयाचे ठरविले, तर टिपेश्वरपासून पैनगंगेपर्यंतचे रान पुरणार नाही.

तिसरा घटक माहितगार. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील कोलाम आणि गोंड कुटुंबांना रानातील पाला कोठे, केव्हा आणि किती खुडावा याचे ज्ञान आहे. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपजावर त्यांची मालकी मान्य केली. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये ज्या ४९ वनोपजांचे किमान आधारभाव वाढविले, त्यांत गुडमार आणि जांभळाच्या बियाही आहेत. भाव किलोला चाळीस रुपयांच्या आसपास. हाच पाला चूर्ण होऊन शहरातील दुकानात बाटलीत जातो, तेव्हा तो कोणत्या भावाने विकला जातो, हे वाचकांनी दुकानात जाऊन स्वतःच पाहावे.

कारले, जांभूळ, गुडमार आणि वांगे यांच्या मधुमेहावरील मिश्रणांना १९९९ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा आपल्याकडे मोठा गहजब झाला. तो योग्यच होता. पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभारण्यास त्यानंतर वेग आला, हा लाभही झाला. परंतु घरच्या माहितगाराचे काय? जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटणीतून सूट दिली. गुडमार आणि बिवळा ग्रंथांत आहेतच. तेव्हा तो पाला वेचणाऱ्या कोलाम स्त्रीच्या पदरी दिवसाच्या मजुरीपलीकडे काही पडण्याचा मार्ग अरुंद झाला. परदेशी कंपनीने घेतले तर ती लूट आणि देशी कंपनीने घेतले तर तो उद्योग, हा न्याय तिच्या दृष्टीने फारसा निराळा नाही.

मोजमापाचा आग्रह

मग करावे काय? पाल्यावर बंदी घालणे अशक्य आहे आणि अनिष्टही. उपाय एकच दिसतो : मोजमाप. ज्या ज्ञानाचे मोजमाप झाले नाही, त्याच्या बळावर रुग्णाला औषध मागता येत नाही आणि माहितगाराला मोबदला मागता येत नाही.

आरंभ अगदी लहान गोष्टीने होऊ शकतो. आशा कार्यकर्ती आणि आरोग्य केंद्र मधुमेही रुग्णांची नोंद ठेवतातच, त्या नोंदीत "कोणता पाला किंवा चूर्ण घेता?" एवढा एक रकाना वाढवावा. प्रश्न न रागावता विचारावा. कारण गोळीच्या जोडीला गुडमार घेणाऱ्याची साखर अवचित फार खाली जाऊन तो शेतात कोसळू शकतो आणि कारण डॉक्टरांना ठाऊकच नसते. एका वर्षात या रकान्यातून जे कळेल, ते आज कोणाजवळही नाही. यवतमाळात वसंतराव नाईक यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आयुर्वेदाचे महाविद्यालयही आहे. दोघांनी एकत्र बसून गुडमारसारख्या एकाच वनस्पतीची, चालू औषध न थांबविता, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, तीन महिन्यांच्या साखरेच्या चाचणीवर आधारलेली तपासणी करावी. निष्कर्ष अनुकूल आला, तर जिल्ह्याच्या बांधाबांधावर गुडमारचा वेल चढेल. प्रतिकूल आला, तर गरिबाचे पैसे वाचतील. दोन्ही परींनी लाभच आहे.

वनखात्याने बिवळ्याच्या लागवडीचा हिशेब प्रसिद्ध करावा आणि लागवड वाढेपर्यंत त्याच्या पेल्यांच्या व्यापाराला आळा घालावा. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, असे कायद्यातच आहे. त्या नोंदवहीत आपल्या गावातील माहितगारांचे ज्ञान त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावासह उतरले, तर उद्या हक्क सांगण्यास काही आधार राहील. या कामी शिक्षक, ग्रामपंचायतीतील कर्मचारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्याहून योग्य माणसे मिळणार नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्यापेक्षा हे काम अधिक टिकाऊ ठरेल.

आणि ज्यांच्या घरी मधुमेही आहे, त्यांच्यासाठी एवढेच : मेथी खावी, कारल्याची भाजी खावी, पॉलिश केलेल्या तांदळाऐवजी ज्वारीची भाकरी मोजून खावी, चालावे. जो पाला घ्यावयाचा असेल तो डॉक्टरांना सांगून घ्यावा. पण गोळी आणि इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये आणि दर तीन महिन्यांनी साखर तपासून तो आकडा वहीत लिहून ठेवावा. त्या वहीतील आकडा पाल्याच्या बाजूने बोलला, तर तो ऐकण्यास डॉक्टरांनीही तयार असावे. विरुद्ध बोलला, तर आपणही तो ऐकावा.